मस्कत ते जळगाव : पावणेतीन तास

सर्व संबंधितांना, तसेच काहीही संबंध नसताना दुकानात येऊन पंख्याखाली बसणाऱ्यांना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जळगावचा विमानतळ आणि धुळ्याची धावपट्टी यांमधील हवाई अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर असून विमानाला ते कापण्यास वीस-बावीस मिनिटे पुरेत. सदर अंतर इंटरनेटवर प्रसिद्ध झालेले आहे. सदर वेळही प्रसिद्ध झालेली आहे. विमान मात्र नाही. तरी जळगाव-धुळे विमानाचे तिकीट मागू नये. मागितल्यास चहा देण्यात येईल, तिकीट देण्यात येणार नाही.

ही सूचना मी स्वतःच्या हाताने लिहून दुकानात लावली होती. तिचा परिणाम एवढाच झाला की चहा मागणारे वाढले.

जळगावात माझं विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे. अर्ध्या भागात मी आणि माझा संगणक, अर्ध्या भागात आमच्या मिस्टरांची झेरॉक्स मशीन. माहेर धुळ्याचं, देवपुरातलं, त्यामुळे धुळेकरांना माझ्यावर हक्क वाटतो आणि जळगावकरांना संशय. गावात मला 'विमानवाली अक्का' म्हणतात. या नावाचा मला फार अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. ज्या बाईला उंच स्टुलावर चढलं तरी गरगरतं, तिला लोकांनी विमानवाली म्हणावं, यापेक्षा मोठा मान कोणता?

आता थोडं धंद्याचं सांगते, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही.

जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं मोबाइलमध्ये टाका. लगेच एक पान उघडतं: अंतर इतके किलोमीटर, प्रवासाला इतके तास. हे पान कसं बनतं ते मला एका जाणकाराने सांगितलं. नकाशावर दोन ठिपके घ्यायचे, मधलं सरळ अंतर मोजायचं, विमानाच्या वेगाने भागायचं, आणि चढण्या-उतरण्याचा थोडा वेळ वर टाकायचा. झालं. त्या दोन ठिपक्यांमध्ये विमान खरोखर जातं का, हे त्या पानाला कोणी विचारत नाही आणि तेही आपण होऊन सांगत नाही. म्हणूनच आमचं जळगाव-धुळे विमान तिथे रोज वीस-बावीस मिनिटांत पोचतं.

लोकांचा गोंधळ होतो तो अंतर आणि वेळ यांत. अंतर कधी बदलत नाही, गरीब बिचारं. वेळ मात्र महा लबाड.

रावेरकडचे एक केळीवाले नाना होते. मुलगा दुबईत, म्हणून त्याच्याकडे निघाले. त्यांनी तिकिटावरच्या वेळा बोटांवर मोजल्या आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"ताई, जातांना पावणेदोन तास. येतांना साडेचार. येतांना चढ हाये का?"

मी म्हटलं, "नाना, चढ नाही. तिकिटावर ज्या गावाची वेळ, ती त्या गावच्या घड्याळाची. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे."

"मागे कायले?"

"सूर्य आपल्याकडे आधी उगवतो."

नानांनी पुन्हा बोटं मोजली. मग खूश होऊन म्हणाले, "म्हंजे तिथं उतरलो की मी दीड तासानं लहान." महिनाभराने परत आले ते तक्रार घेऊनच. "ताई, येतांना त्याहीनं दीड तास वापस घेतला." सोबत केळीचा फणा होता, त्यामुळे मी तक्रार दाखल करून घेतली.

दुसऱ्या सुमनबाई. देवपुरातल्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. जळगावहून मुंबईला पहिल्यांदा विमानाने गेल्या आणि परतल्यावर वही उघडून माझ्यासमोर बसल्या. मी आपोआप ताठ झाले.

"तिकिटावर एक तास दहा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून जमिनीला लागेपर्यंत पन्नास मिनिटं. उरलेली वीस कुठे गेली? आणि खुर्चीला टेकून बस."

मी सांगितलं, "बाई, आमच्या धंद्यात प्रवासाची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि दुसरीकडे जागेवर उभं राहिलं की संपते. मधलं रांगणं, रांगेत थांबणं, सगळं त्यातच धरतात."

बाईंनी वहीत लाल शाईने लिहिलं, 'जमिनीवरील विलंब', आणि खाली दोन रेघा ओढल्या. मला वाटतं मी त्या दिवशी पास झाले.

असे लोक मला मिळाले. विमान चालवणाऱ्याला ढग दिसतात, मला माणसं दिसतात, आणि खरं सांगायचं तर ढगांना इतके प्रश्न पडत नाहीत.

पण आज जे सांगायला बसले ते रशीद मास्टरांचं. मास्टर म्हणजे शिंपी. आमच्या गल्लीच्या टोकाला दुकान. माणूस मूळचा धरणगावकडचा, मुसलमान, आणि घरात सगळे अस्सल अहिराणी बोलणारे. माझं ब्लाउज वीस वर्षं त्यांच्याच हातचं. मधल्या काळात माझं माप तीनदा बदललं, त्यांनी एकदाही भुवई उचलली नाही. अशा माणसाची मी किती ऋणी आहे, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

मास्टर एका सकाळी दुकानात आले, गळ्यात टेप तशीच. मोबाइल माझ्यासमोर धरला.

"अक्का, देखा. मस्कत ते जयगाव. अठराशे किलोमीटर, पावणेतीन घंटा."

मी बघितलं. पान बरोबर होतं. अंतर बरोबर, भागाकारही बरोबर.

"मंग? चांगलं आहे," मी म्हटलं.

"नसीमना निकाह ठरी गया. रविवारे, जोहरनी नमाज व्हयनी का लगेच. इरफान रविवारे सकायले निघी, अकराना आत घर."

जोहर म्हणजे दुपारची नमाज; नसीम त्यांची मुलगी. इरफान मुलगा, मस्कतला एका गोदामात कामाला, तीन वर्षांत घरी आलेला नव्हता. नवरदेव धुळ्याचा, देवपुरातला. हॉल ठरला होता, काझीसाहेबांना सांगून झालं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि हे सगळं त्या पानावरच्या पावणेतीन तासांवर उभं होतं.

मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं की मस्कतहून जळगावला विमान येत नाही. आधी मुंबई. तिथे कागद तपासणार, बॅग येणार, मग दुसऱ्या विमानात किंवा रेल्वेत बसायचं.

मास्टरांनी मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग हाई कसाले लिखेल शे?"

मी त्यांच्याच धंद्याच्या भाषेत समजावलं. "मास्टर, तुम्ही कापड कापता तेव्हा नुसत्या अंगाच्या मापावर कापता का? शिलाईला माया सोडता की नाही?" माया म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड. "या पानाने मायाच सोडलेली नाही. अंगाबरोबर कापलंय."

मास्टरांनी गळ्यातली टेप मुठीत धरली. हा गुन्हा किती मोठा, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. निकाहच्या वेळी एक जण वकील म्हणून आत नवरीकडे जातो, दोन साक्षीदार घेऊन, आणि तिला विचारतो, हे लग्न तुला कबूल आहे का. तो वकील इरफान असणार होता. नुसती मानाची गोष्ट नव्हती ही. स्थळ आलं तेव्हा नसीम काहीच बोलली नव्हती, आणि घरातल्यांनी नेहमीप्रमाणे त्याचा अर्थ 'हो' असा लावला होता. इरफानने मस्कतहून तिला फोनवर सांगितलं होतं, "तू आते कोनले काहीच सांगू नको. मी स्वतः ईसन इचारसू. नही म्हनशी ते मी देखी लेसू." मास्टरांना हे ठाऊक होतं. म्हणूनच इरफान पोचायला हवा होता.

इरफानची रजा शनिवारी संध्याकाळी सुरू होत होती. शनिवारी रात्रीचं विमान धरून तो रविवारी पहाटे मुंबईत उतरणार, हे नक्की झालं. आता मुंबई ते जळगाव. शहाण्या बाईने त्याला सकाळच्या रेल्वेत बसवलं असतं. दुपारी एकपर्यंत पोचला असता, थोडा दमलेला, पण पोचला असता.

पण मी विमानवाली अक्का. त्या महिन्याच्या वेळापत्रकात रविवारी सकाळी मुंबई-जळगाव विमान होतं, साडेनऊला उतरणारं. मी खुर्चीत मागे रेलून म्हटलं, "मास्टर, जोहरची कसली काळजी करता? तुमचा मुलगा नाश्त्याला घरी असेल. आकाशातून उतरेल, सगळ्या गल्लीदेखत." मला तो प्रवेश आधीच दिसत होता. मास्टरांच्या डोळ्यांतही चमक आली. त्यांनी तिथल्या तिथे धाकट्या भावाला, सलीमला फोन लावला आणि हाराची ऑर्डर द्यायला सांगितलं.

माझी चूक ती हीच. मास्टरांना मायेवर भाषण दिलं आणि स्वतः अंगाबरोबर कापलं.

रविवार. जानेवारी. मी नवी साडी नेसून नऊ वाजता मास्टरांच्या घरी हजर. अंगणातून बघितलं तर समोरच्या घराची गच्ची दिसत नव्हती. आमच्याकडे जानेवारीत अधूनमधून असं धुकं पडतं, दूध सांडल्यासारखं. मी सगळ्यांना सांगत होते, दहाला उठतं, दहाला उठतं.

साडेनऊच्या सुमारास आवाज आला. विमानाचा. अंगणात सगळे माना वर करून उभे राहिले. दिसत काहीच नव्हतं, पण आवाज अगदी डोक्यावरून गेला, लांब गेला, फिरून परत आला. मास्टर आकाशाकडे बघून हसत होते. त्यांचा मुलगा तीन वर्षांनी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. दुसऱ्यांदा आवाज आला. तिसऱ्यांदा. मग तो दक्षिणेकडे बारीक होत गेला आणि थांबला.

लहान विमानतळांवर वैमानिकाला ठरावीक उंचीपासून धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. नाही दिसली तर त्याने खाली यायचं नसतं, आणि तो आला नाही. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात फार वाईट बोलले. आज त्याचे आभार मानते. ज्याला जमिनीवर तीनशे लोकांचा स्वयंपाक तयार आहे हे माहीत नव्हतं, त्याने फक्त विमानातल्या माणसांचा विचार केला, तेच बरोबर.

सव्वादहाला माझा फोन वाजला. इरफान. आवाज शांत, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"अक्का, विमान संभाजीनगरले उतरनं. हाई लोके सांगी राहिनात, धुकं हटनं का परत जयगावले जाऊत. कवय हटी, ते कोनले ठाऊक नही. आठे उतरनं शे का बशी ऱ्हावानं, सांगा."

बघा, आमचा धंदा म्हणजे हाच एक क्षण. विमानात बसून राहिला तर अर्धा तास, पण तो अर्धा तास सुरू कधी होणार, ते देवाला ठाऊक. उतरून गाडीने निघाला तर अजिंठ्याचा घाट धरून साडेतीन तास, पण ते साडेतीन तास आत्ता सुरू होतात. मी घड्याळ बघितलं, खिडकीतून धुकं बघितलं. ते तसंच घट्ट. मी म्हटलं, "उतर."

संभाजीनगरात गोकुळभाऊ म्हणून माझ्या ओळखीचे टॅक्सीवाले आहेत. त्यांना फोन केला. ते जेवायला बसले होते, हात धुऊन उठले. इरफानची बॅग विमानातून काढेपर्यंत अकरा वाजले. गाडी निघाल्याचा फोन आला, तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसले.

आणि मग धुकं उठलं.

असं उठलं की जणू कोणी चादर ओढून घेतली. पावणेबाराला डोक्यावरून पुन्हा तोच आवाज आला आणि या वेळी विमान दिसलं, पांढरं, चकचकीत, उन्हात. ते शहाण्यासारखं उतरलं. दहा मिनिटांनी सलीमचा फोन. गडबडीत त्याला कळवायचं राहून गेलं होतं आणि तो बिचारा हार घेऊन सकाळपासून विमानतळावर उभा होता.

"अक्का, बठ्ठा लोके उतरनात. इरफान कोठे शे?"

"तो घाटात आहे, सलीमभाऊ."

"मंग आतेच मी हार घाला, तो कोन व्हता?"

नंतर कळलं ते असं. चष्मा, तशीच दाढी, तीच उंची असा एक माणूस बाहेर आला आणि सलीमने पळत जाऊन त्याच्या गळ्यात हार घातला. ते एका खत कंपनीचे साहेब होते. त्यांनी मान वाकवून हार घेतला, हात जोडले आणि गाडीत बसून निघून गेले. जळगावबद्दल त्या गृहस्थांचं मत फार चांगलं झालं असणार.

मला मात्र हसू आलं नाही. अर्ध्या तासाचं अंतर मी साडेतीन तासांचं करून ठेवलं होतं. मास्टर माझ्याजवळ आले. मला वाटलं आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "अक्का, सकायपाईन उभ्या शेतस. बसा, चहा ल्या." मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

आम्ही हॉलवर पोचलो, तर धुळ्याचे पाहुणे अकरालाच येऊन बसले होते. नवरदेवाची आजी, सगळे तिला दादी म्हणत होते, बायकांच्या खोलीत माझ्या शेजारीच बसली. ऐंशीच्या घरातली, पण जीभ अगदी धारदार.

"आमी धुयाथीन दोन घंटामा उनूत," ती खोलीभर सांगत होती. "तुमना पोऱ्या आभायथीन उतराले तयार नही."

मी साडीचा पदर सारखा करत राहिले. या बाईला अजून कळलं नव्हतं की विमानवाली तिच्या मांडीला मांडी लावून बसली आहे.

जोहरची नमाज झाली. दीड वाजला. इरफानचा फोन: घाटात कापसाच्या गाठींचा ट्रक वळणावर आडवा अडकलाय, दोन्ही बाजूंनी रांग. दोन वाजले. जेवणाचे टोप गॅसवर परत चढवले. अडीच. काझीसाहेबांनी निरोप पाठवला की असरच्या नमाजपर्यंत, म्हणजे चार-सव्वाचारपर्यंत, ते थांबतील. त्यानंतर भुसावळला दुसरा निकाह आहे. तोवर भाऊ आला नाही तर दुसरा वकील करावा, त्यात गैर काही नाही.

गैर काहीच नव्हतं. सलीम परत आलाच होता, तो वकील व्हायला तयार होता. तो दारात उभा राहून नसीमला म्हणाला, "मी इचारस ना, बेटा. काय फरक पडस?"

नसीम लग्नाचा लाल पोशाख घालून, ओढणीआड मान खाली घालून बसली होती. सकाळपासून तिने पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "पडस, काका."

"काय फरक?"

"तुमी इचारशात ते 'हा' ऐकाकरता. भाऊ ईसन इचारी, तवय सांगसू."

एवढं सरळ बोलणं नवरीच्या तोंडून ऐकायची कोणाला सवय नव्हती. धुळ्याकडच्या दोन काकू एकमेकींकडे बघून पुटपुटल्या, म्हणजे पोरीच्या मनात नाही की काय. ते बाहेर गेलं असतं तर नवरदेवाकडचे उठले असते. मी मास्टरांच्या चेहऱ्याकडे दारातून बघितलं. तो माणूस शिवणयंत्रासमोर चाळीस वर्षं वाकून बसला असेल, पण इतका वाकलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

मी आता नाटक सोडून दिलं. दादीकडे वळून म्हटलं, "दादी, चूक पोरीची नाही. विमानाचं तिकीट मी काढलं. त्याला विमानातून उतर म्हणून मीच सांगितलं. मीच ती विमानवाली."

दादीने मला आपादमस्तक बघितलं. मी सगळं ऐकून घ्यायची तयारी केली. पण ती गुडघ्यावर हात टेकून उठली, दाराशी गेली आणि पडद्याआडूनच पुरुषांच्या बाजूला मोठ्याने म्हणाली,

"काझीसाहेबले सांगा, असरलगून थांबनं शे. पोर बराबर म्हनस. माले जेनी इचारं व्हतं ना, तो उत्तर आयकाले थांबना बी नही."

मग परत येऊन नसीमच्या शेजारी बसली आणि तिच्या हातात पापडाचा एक तुकडा दिला. नसीमने तो खाल्ला.

मी बावीस वर्षं लोकांना इकडून तिकडे पाठवलं. कोण किती वेळात पोचला, याचा हिशेब मी रोज मांडते. पण माणसं एकमेकांसाठी थांबतात, म्हणूनच हा सगळा प्रवास चालतो, हे मी त्या खोलीत शिकले. तीनशे भुकेले लोक त्या दुपारी एका मुलीच्या एका उत्तरासाठी बसून राहिले. जेवणाचा वास येत होता आणि कोणी उठलं नाही. धुळेकरांचे मी माहेरवाशीण म्हणून नव्हे, व्यावसायिक म्हणून आभार मानते.

ट्रक कसा हलला ते गोकुळभाऊंनी नंतर सांगितलं. रांगेतल्या लोकांना त्यांनी गाडीतल्या पोराच्या बहिणीचं लग्न आहे म्हणून सांगितलं. वीस-पंचवीस माणसं उतरली, ट्रकमागे दगड लावून तो इंच इंच मागे घेववला आणि सगळ्यांच्या आधी गोकुळभाऊंची गाडी काढून दिली. त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. त्यानंतर पहूर, नेरी, जळगाव, कुठेही थांबणं नाही. गोकुळभाऊंनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही, आणि त्यांना ओळखणाऱ्यांना यातला त्याग कळेल.

चारला दहा कमी असताना गाडीचं दार वाजलं.

इरफान आत आला तेव्हा त्याचे केस धुळीने पांढरे झाले होते. घाटात त्याला उलटी झाली होती, शर्ट मागून भिजलेला. त्याला तोंड धुवायलाही कोणी दिलं नाही. दोन साक्षीदार त्याच्या मागे उभे राहिले, सलीम आणि धुळ्याचा एक जण. इरफान बहिणीसमोर गुडघे टेकून बसला. कोणाकडे बघितलं नाही, फक्त तिच्याकडे.

आधी त्याने हळूच, विधीत नसलेलं विचारलं. "नसीम, मनथीन सांग. नही म्हनशी तरी चाली. मी शे."

मास्टर दारात उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

नसीमने मान हलवली, हो म्हणून. पण मान हलवणं पुरत नाही, साक्षीदारांना ऐकू गेलं पाहिजे. मग इरफान नीट बसला आणि पाठ केलेलं वाक्य बोलू लागला, मुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, मेहर म्हणजे नवरीला द्यायची रक्कम, आणि शेवटी, "हा निकाह तुला कबूल आहे?" हे त्याला तीनदा विचारायचं होतं. त्याने पहिल्यांदा विचारलं.

नसीमने वर बघितलं. त्याच्या केसांतली धूळ बघितली, भिजलेला शर्ट बघितला. दुसऱ्या प्रश्नाची वाट न बघता ती एका दमात, साक्षीदारांना, काझीसाहेबांना आणि बाहेरच्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कबूल शे, कबूल शे, कबूल शे. पन भाऊ, पुढना टाइमले यष्टीवरच येजो."